पडद्यावरची शाळा आणि दाराबाहेरची मुले

ऑगस्ट २०२२ च्या अखेरच्या दिवशी दिल्ली सरकारने एक आभासी शाळा सुरू केली आणि अशी शाळा देशात ही पहिलीच, अशी ग्वाही दिली. लागलीच राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने खुलासा केला की, तिची आभासी शाळा त्याच्या वर्षभर आधीपासून, म्हणजे ऑगस्ट २०२१ पासून चालू आहे. पहिलेपणाचा मान घ्यावयाचाच असेल तर तो तिचा. दोन सरकारी यंत्रणांमधला हा वाद लग्नघरातल्या मानपानाला शोभेल असाच होता, आणि त्याचा निवाडा करण्याची आम्हांला हौस नाही. पहिली शाळा कोणाची यावर एवढी शाई खर्ची पडली. त्या शाळेत शेवटच्या बाकावरचे मूल पोहोचणार कसे, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. तो आज पुन्हा विचारणे आम्हांला अगत्याचे वाटते. कारण ऑनलाइन शाळा ही आता साथीच्या काळातली तात्पुरती सोय उरलेली नाही. खाजगी कंपन्या तिची दुकाने मांडून बसल्या आहेत, सरकारे तिच्याकडे आशेने पाहत आहेत, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर तिच्यासाठी एक स्वतंत्र प्रकरणच आहे. त्या प्रकरणाच्या मथळ्यातच तंत्रज्ञानाच्या समन्यायी वापराची हमी दिलेली आहे. मथळ्यातला हा न्याय वर्गात उतरवायचा कोणी आणि कसा, हे मात्र कोणी सांगत नाही.

आरंभीच प्रांजळपणे सांगून टाकतो की, आम्ही ऑनलाइन शाळेचे वैरी नाही. ज्या मुलाची चाकांची खुर्ची शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर चढत नाही, जे मूल महिनोन्‌महिने रुग्णालयाच्या खाटेला खिळले आहे, आठवीनंतरची शाळा दूरच्या गावी असल्यामुळे ज्या मुलीचे शिक्षण आईबापांनी थांबवले, त्यांच्या बाबतीत विटामातीची शाळा कधीच नापास झालेली आहे. ऊसतोडणी कामगारांच्या मुलांचे पाहा. दिवाळीच्या आगेमागे बीडसारख्या जिल्ह्यांतून मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ या हिशेबाने, साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. शाळा गावात राहते आणि मूल फडात. शाळाच जर मुलाच्या पाठोपाठ फडापर्यंत जाऊ शकली, तर त्याहून चांगले काय? ऑनलाइन शाळेच्या पुरस्कर्त्यांनी हे स्वप्न दाखवले तर ते आम्हांला मनापासून हवे आहे. परंतु ती शाळा पाचटाच्या खोपीत प्रत्यक्ष उतरली तर तिला काय दिसेल? खोपीत वीज नाही. मोबाइल आहे, पण तो बापाच्या खिशात आहे आणि बाप पहाटेपासून उसात आहे. थोरली मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन चूल सांभाळते आहे. शिक्षक मात्र पडद्यावर वेळेवर हजर आहेत!

वस्तुतः विटामातीच्या शाळेने आपल्याला एका गोष्टीची जाणीवच होऊ दिली नव्हती. ती केवळ शिकवीत नव्हती. ती मुलाला बसायला जागा देत होती, उजेड देत होती, दुपारचे जेवण देत होती. घरकामाच्या तगाद्यातून चार-पाच तासांची सुटका देत होती, आणि मुलींच्या बाबतीत ही सुटका हीच शाळेची सर्वांत मोठी देणगी होती. त्याहीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे शिक्षकाची नजर. कोण उपाशी आले आहे, कोणाचे डोळे रडून सुजले आहेत, कोणाला फळ्यावरचे दिसत नाही, हे जाणता शिक्षक वर्गात पाऊल टाकताच ओळखतो. या गोष्टींचे वेगळे बिल कोणी कधी मांडले नव्हते, म्हणून त्या फुकटच आहेत असा आपला समज झाला. ऑनलाइन शाळेने यांतला फक्त धडा उचलला आणि बाकीचे सगळे घरावर सोपवले. ज्यांच्या घरी ते होते त्यांचे निभावले.

ज्यांच्या घरी ते नव्हते त्यांचे काय झाले, याचा पुरावा शोधायला फार दूर जायला नको. मार्च २०२० पासून दोन वर्षे शाळांची दारे उघडत-मिटत राहिली. त्याआधीच्या, २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीने देशातल्या जेमतेम २४ टक्के घरांत इंटरनेटची सोय असल्याचे नोंदवले होते. ग्रामीण भागात तर हे प्रमाण १५ टक्क्यांच्या घरात होते. या आकड्यांकडे डोळेझाक करून ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही घोषणा आपल्याकडे देण्यात आली. ऑगस्ट २०२१ मध्ये १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित वस्त्यांत एक पाहणी झाली. तीत नियमितपणे ऑनलाइन शिकणारी मुले ग्रामीण भागात ८ टक्के आणि शहरांत २४ टक्के आढळली. याच पाहणीतला दुसरा आकडा आम्हांला अधिक बोलका वाटतो. ज्या घरांत स्मार्टफोन होता, त्या घरांतही नियमित ऑनलाइन शिकणारी मुले ग्रामीण भागात १५ टक्के आणि शहरांत ३१ टक्केच निघाली. म्हणजे यंत्र हाती दिले की काम संपले, ही समजूतही खरी नव्हे. शिक्षकांनी मात्र त्या काळात आपले इमान राखले, हे नमूद केलेच पाहिजे. सोलापूरच्या नीलमनगरात घरांच्या भिंतींवर धडे रंगवण्यात आले आणि मुले गल्लीत हिंडत शिकली. पडद्याविना भिंत बोलू लागली. ते करायला कोणत्याही धोरणाचे प्रकरण वाचावे लागले नाही.

यावर आमचे काही वाचक म्हणतील की, हा सगळा जुना इतिहास झाला. आता घरोघरी फोन आहेत. त्यांचे म्हणणे एका अर्थी खरे आहे. २०२५ च्या आरंभीच्या सरकारी पाहणीत देशातील सुमारे ८६ टक्के घरांत इंटरनेट असल्याचे दिसून आले. सात-आठ वर्षांतली ही मजल थोडी नव्हे. पण घरात फोन असणे आणि तो मुलाच्या हाती असणे यांत अंतर आहे, आणि मुलगी असली की ते अंतर आणखी वाढते. २०२४ च्या ‘असर’ अहवालात, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के, तर मुली २७ टक्के आढळल्या. एका फोनवर दादाची परीक्षा आणि ताईचा तास एकाच वेळी आले तर फोन कोणाकडे जातो, हे सांगायला पाहणी कशाला हवी? सुशिक्षित म्हणवणाऱ्या आपल्या घरांतही याचे उत्तर फारसे वेगळे असेल, असे मानायला आम्ही तयार नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. किंबहुना शंभर वर्षांपूर्वी आपण त्याचे उत्तर शोधलेही होते. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु त्याआधी सोळा वर्षे, १९०१ मध्येच, त्यांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून वसतिगृहांची मालिका सुरू केली होती. जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानलेले समाज, अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी राजधानीत राहण्या-जेवण्याची सोय त्यांनी केली. या क्रमातच त्यांची दृष्टी दिसते. शाळेचे दार सर्वांना उघडे आहे असे जाहीर केल्याने खेड्यातले गरीब मूल आत येत नाही. त्याला शहरात डोके टेकायला जागा आणि दोन वेळचे अन्न लागते, हे त्यांनी ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तीही वसतिगृहाच्या पायावरच उभी राहिली. आज ऑनलाइन शाळा काढणारे दार सताड उघडे ठेवतात, कोणीही कोठूनही यावे असे म्हणतात, आणि वसतिगृह मात्र बांधीत नाहीत. या शाळेचे वसतिगृह म्हणजे विजेची व इंटरनेटची सोय असलेली, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरची, मुलीला निर्धास्तपणे पाठवता येईल अशी एक खोली आणि त्या खोलीत मुलांची चौकशी करणारे एक माणूस.

कायद्याचा कल याच दिशेने आहे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम ३ असे सांगते की, प्राथमिक शिक्षण पुरे करण्याच्या आड येईल असा कोणताही खर्च मुलावर लादता येणार नाही. १८ सप्टेंबर २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने हेच सूत्र धरून, दुर्बल घटकांतील मुलांना ऑनलाइन शिक्षणाचे साधन आणि इंटरनेट शाळांनीच पुरवावे, असा निकाल दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये या मुलांची गरज नजरेआड करता येणार नाही, सरकारांनी योजना आखावी, असेही बजावले. आमच्या मते उच्च न्यायालयाचे सूत्र अचूक होते. पाठ्यपुस्तक आणि गणवेश ही जशी शाळेची जबाबदारी, तद्वतच हे साधनही. पण यात एक मोठी मेख आहे. शिक्षण हक्काचा कायदा चौदाव्या वर्षी थांबतो, आणि आभासी शाळांचा रोख आहे तो नववीच्या पुढच्या वर्गांवर. ज्या वयात मूल या शाळेत पाऊल टाकणार, नेमक्या त्याच वयात कायद्याचे छत्र त्याच्या डोक्यावरून निघून जाते!

अपंग मुलांच्या बाबतीत २०१६ चा कायदा निदान अठरा वर्षांपर्यंत साथ देतो. परंतु कायदा साथ देतो आणि धड्याची फाइल साथ देत नाही, असा अनुभव येतो. अंध विद्यार्थ्याचा संगणक अक्षरे वाचून दाखवतो; छापील पानाचे छायाचित्र त्याला वाचता येत नाही. आणि आपल्याकडे धडा पाठवणे म्हणजे बहुधा पानाचे छायाचित्र काढून गटावर टाकणे! कर्णबधिर मुलापुढे शिक्षक खिडकीकडे पाठ करून बसले की त्यांचे ओठ अंधारात जातात. शालेय पाठ्यपुस्तके भारतीय सांकेतिक भाषेत आणण्याचा करार २०२० मध्ये झाला, त्या भाषेची शैक्षणिक वाहिनी डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, ही कामे खरोखर चांगली झाली. पण वाहिनीला प्रश्न विचारता येत नाही. मेळघाटातल्या कोरकू मुलाची अडचण थोडी निराळी, तरी जात तीच. त्याच्या कानाला पुस्तकी मराठी परकी, आणि पडद्यावरची बटणे तर इंग्रजीतच.

आणि कॅमेऱ्याचे काय? मुंबईतल्या दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे वावरत असताना, ‘चेहरा दिसला नाही तर गैरहजेरी’ हा नियम ज्यांनी काढला त्यांच्या घरी अभ्यासाची वेगळी खोली असली पाहिजे. वर्गात सर्वांचा गणवेश एक असतो, तो काही उगाच नव्हे. कॅमेऱ्याने तो गणवेश उतरवला आणि प्रत्येक मुलाच्या पाठीमागे त्याच्या घराची भिंत टांगली. लाजेने कॅमेरा बंद करणारे मूल उनाड ठरते, आणि कोणी त्याला त्याचे कारण विचारत नाही.

म्हणून आमची मागणी अशी की, यापुढे सरकारी असो वा खाजगी, कोणत्याही ऑनलाइन शाळेला मान्यता देताना तिच्या वर्गांबरोबरच तिची अभ्यासिका तपासावी. ती नव्याने बांधायलाही नको. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी हजारो ग्रंथालये राज्यात आहेत. इंटरनेटची तार कित्येक ग्रामपंचायतींच्या दारापर्यंत गेलेली आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांचे वर्ग संध्याकाळी रिकामे असतात. तेथे दिवा लावून दोन-चार यंत्रे आणि एक मानधनी सहायक बसवायला राजकोष रिता होणार नाही. खाजगी शाळांनी ही सोय आपल्या फीमधून करावी. ज्यांना इमारतीचे भाडे द्यावे लागत नाही, त्यांनी तेवढे तरी द्यावे. प्रत्येक पाठ इंटरनेटविना पाहता येईल असा उतरवून घेता यावा, त्याखाली मराठीत अक्षरे असावीत, कॅमेऱ्याची सक्ती नसावी. आठवडाभर न दिसलेल्या मुलाच्या घरी शिक्षकाचा फोन गेलाच पाहिजे, आणि त्यासाठी एका शिक्षकामागे किती मुले असावीत याला मर्यादा असली पाहिजे. एक शिक्षक हजारो मुलांना शिकवतो ही या शाळेची थोरवी म्हणून सांगितली जाते. आम्हांला तेच तिचे सर्वांत मोठे व्यंग वाटते.

आणखी एका धोक्याची घंटा वाजवून ठेवतो. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार २०२३ मध्ये आपल्या राज्यात पुढे आला होता. उद्या कोणा हिशेबी अधिकाऱ्याला असे सुचेल की, एवढ्याशा पटासाठी शिक्षक कशाला, पडदाच लावून टाकू. डोंगरातल्या वाडीवरची शाळा बंद करण्याची सबब म्हणून ऑनलाइन शाळा पुढे केली गेली, तर आम्ही तिला निःसंकोच विरोध करू.

साखरेचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होईल. कारखान्यांच्या तळावर एकेक अभ्यासिका उभी करायला तोवरचे काही महिने हाताशी आहेत. कोणत्या तळावर किती मुले येतील याची यादी मुकादमांकडे आणि गावच्या शाळांच्या हजेरीपटांवर आजच मिळू शकते. ती यादी मागवण्याचा हुकूम शिक्षण खात्यातून केव्हा निघतो, याची आम्ही वाट पाहत आहोत.