प्रवेश श्रावणात, कापूस दसऱ्याला



प्रवेशाच्या याद्या लागतात तेव्हा पेरणीत घर रिकामे झालेले असते. कापूस येतो दसऱ्यानंतर. मधल्या काळात आम्ही सावकाराचे दार गाठतो.

८ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा व इतर मागास घरांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी सरकारने २०२४ साली माफ केली. पण प्रवेश सरकारी फेरीतून घेतला तरच. पहिल्या यादीत नाव नाही म्हणून घाबरून व्यवस्थापन कोट्यात पैसे भरले, की माफीही जाते आणि बैलजोडीही. पुढच्या फेरीची वाट पाहू. उत्पन्नाचा दाखला उन्हाळ्यातच काढू.

खानावळीचा खर्च मात्र या माफीत नाही. तो कापूस-ज्वारीच्या भावातूनच निघायला हवा. आम्ही भाव मागतो, तो लेकीच्या शिक्षणासाठीही.