वल्हे ज्याच्या त्याच्या मापाचे



मागच्या महिन्याच्या भित्तिपत्रकात आमच्याच सातवीतल्या एका मित्राने लिहिले होते की, खाडीत उभ्याने फळी चालवायची तर बाजारातून ॲल्युमिनियमचे वल्हे आणावे. घरी लाकूड तासत बसणे म्हणजे वेळ फुकट घालवणे. त्याचे अक्षर फार सुंदर आहे, पण मत मला पटले नाही. म्हणून हे उत्तर.

ज्या पालकांनी ही फळी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. ही दहा-अकरा फूट लांब, जाड आणि तरंगणारी फळी असते. तिच्यावर उभे राहायचे आणि एकाच लांब वल्ह्याने कधी डावीकडून, कधी उजवीकडून पाणी मागे ढकलायचे. हा खेळ हवाई बेटांवरून जगभर गेला. तिथले लोक पूर्वीपासून कोआ नावाच्या झाडाच्या लाकडाची वल्ही करीत. आपल्याकडे म्हातारी माणसे उथळ पाण्यात होडीत उभी राहून बांबूने रेटत जातात ना, तसाच तोल इथे लागतो.

माझ्या मामेभावाने २०२४ च्या मे महिन्यात पर्यटकांना फिरवून जुनी झालेली एक फळी घरी आणली. वल्हे एकच, त्याच्या मापाचे, सहा फूट तीन इंच. मी चार फूट सात इंच! मूठ डोक्याच्या वर हातभर जाई. हात उंच धरून धरून खांदे भरून आले आणि थोड्याच वेळात मी पाण्यात. अंगात तरंगते जाकीट होते म्हणून नुसते हसे झाले.

आजोबा धक्क्यावर बसून बघत होते. ते म्हणाले, “ह्यां वल्हां त्याच्या मापाचां. तुझ्या न्हय.”

आजोबांनी तरुणपणी होड्या दुरुस्त केल्या आहेत. त्यांनी मला भिंतीशी उभे केले, हात वर करायला सांगितला आणि मनगटापाशी खडूने रेघ मारली. पाच फूट तीन इंच. तेच माझ्या वल्ह्याचे माप.

लाकूड निवडायला अख्खी सकाळ गेली. गाठ नको, चीर नको, रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ हवी. रेषा तिरपी असली तर जोर लावताच दांडा तिथेच मोडतो. म्हणून दांडा एका लाकडाचा न करता सागाच्या तीन पातळ पट्ट्या चिकटवून केला. तसा तो वाकतही नाही. पात्यासाठी खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी हलक्या लाकडाचे तुकडे जोडले. आमच्याकडे शिकंजे नव्हते. आजोबांनी सुंभ गच्च गुंडाळला आणि खाली पाचरी ठोकल्या. शिकंज्याइतकाच घट्ट!

वाकसाने तासण्याचे काम आजोबांनीच केले, ते बरोबरच होते. पण रंधा त्यांनी आधी मामेभावाला दिला आणि मला काचपेपर. मी म्हटले, वल्हे माझे, रंधाही मीच मारणार. आई आतून ओरडली, “बोटां तोडून घेशीत गो!” तोडली नाहीत. तळव्याला फोड आले, एवढेच. शेवटी फुटक्या काचेच्या धारेने दांडा खरवडून असा अंडाकृती केला की अंधारातही पाते कुठल्या बाजूला आहे ते हाताला कळते.

आता खरे ते सांगते. पहिले वल्हे दोन दिवसांत पाण्यात सुटले. आम्ही साधा पांढरा डिंक लावला होता. दुसऱ्या वेळी दोन नळ्यांतला, मिसळून लावायचा डिंक आणला, वर व्हार्निशचे तीन हात दिले. ते वल्हे अजून चालते आहे.

माझ्या मित्राचे एक म्हणणे खरे आहे. बाजारच्या वल्ह्याचा दांडा ओढून लांब-आखूड करता येतो आणि ते वजनाला हलके असते. पण त्या सांध्यात वाळू आणि मीठ बसले की तो अडकतो. मामेभावाचे अडकले, मग आम्ही दोघे दोन टोकांना धरून ओढत बसलो. शिवाय माझ्या वल्ह्याची कड फुटली तर ती मी स्वतः तासून नीट करीन. विकतचे मोडले तर तो काय करणार?

वल्हे झाले म्हणून कोणी एकट्याने खाडीत जाऊ नये. ओहोटीचे पाणी खाडीच्या तोंडाकडे ओढते. मी भरतीच्या वेळी, जाकीट घालून, मोठे माणूस बरोबर असेल तरच जाते.

कार्यानुभवाच्या तासाला आम्ही दरवर्षी कागदाची फुले करतो. फुले वाईट नाहीत, पण त्यातले काही तास वल्ह्यासाठी द्यावेत असे माझे मत आहे, आणि मुलींच्या हातातही रंधा द्यावा. गुरुजी म्हणाले, पालकांची संमती असेल तर बघू. तेव्हा ज्यांच्या घरी जुनी सागाची पट्टी, रंधा किंवा शिकंजा पडून असेल त्यांनी जाताना गुरुजींकडे सांगावे. आजोबा दर शनिवारी शाळेत यायला तयार आहेत. त्यांना फक्त बसायला एक खुर्ची लागेल.