विहिरीतल्या बाईचा मर्ग कोण दाखल करणार?

नागपूर-वर्धा रस्त्यावरील केळझर (ता. सेलू) येथे उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही काही कार्यकर्ते मुलांसाठी वाचनवर्ग घेतो. यंदा आठवी-नववीच्या मुलांनी एकमुखाने मागणी केली ती भुताच्या पुस्तकाची! एका हितचिंतकाने भेट दिलेली एक किशोर कादंबरी गठ्ठ्यात होती. तिचे नाव आम्ही येथे देत नाही. लेखकाशी आमचे वैर नाही, आणि अशी पुस्तके बाजारात ढिगाने आहेत.

कादंबरीची सुरुवात झकास आहे. शहरातली तीन मुले सुट्टीत आजोळी येतात. गावाबाहेर ओसाड वाडा, वाड्यामागे विहीर, रात्री पैंजणांचा आवाज. मुले शोध घेऊ लागतात. त्यांना एक फुटलेली बांगडी सापडते, हिशेबाच्या वहीतले फाडलेले पान सापडते, आणि वाड्यात राबणारी एक मजूर बाई पूर्वी त्या विहिरीत मेली, एवढे कळते. आमचे श्रोते श्वास रोखून ऐकत होते. आणि इथेच लेखकाने माती खाल्ली! शेवटच्या वीसेक पानांत एक मांत्रिकबाबा येतो, भस्म फुंकतो, लिंबू कापतो, पैंजणांचा आवाज थांबतो. मुले पेढे खाऊन शहरात परततात. संपले पुस्तक!

पुस्तक मिटल्यावर एक मुलगी म्हणाली, "पण काका, तिले मारलं कोनं?"

आम्ही वीस वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. पण त्या कादंबरीवर याहून नेमका आक्षेप आम्हाला घेता आला नसता. फाडलेल्या पानावर काय लिहिले होते? बाईची मजुरी कोणाकडे थकली होती? बांगडी फुटली ती झटापटीत की पडताना? बाईचे नाव तरी काय? लेखकाने तिला नावसुद्धा दिले नाही. विहिरीत प्रेत सापडले तर साधा जमादारही आधी मर्ग दाखल करतो, पंचनामा करतो, प्रेत शवविच्छेदनाला पाठवतो. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 174 होते. 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 194 आहे. कायदा बदलला, प्रश्न तोच राहिला: हे मरण कशाने आले? जो प्रश्न जमादाराला पडतो तो लेखकाला पडू नये?

कोणी म्हणेल, वकीलसाहेब, गोष्ट आहे, मुलांनी थोडे घाबरले तर बिघडले कुठे? काहीही बिघडले नाही. भुताच्या गोष्टीला आमचा विरोध नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मराठीत भयकथेला मोठा वाचक मिळवून दिला. तिकडे कॉनन डॉयलने 1902 साली पुस्तकरूपाने आलेल्या बास्करव्हिलच्या कथेत घराण्याच्या शापाचा भुताटकीचा कुत्रा उभा केला. पण शेवटी तो कुत्रा हाडामांसाचा निघाला, त्याच्या तोंडाला चमकणारे रसायन फासलेले निघाले, आणि त्याच्यामागे वारसाहक्कावर डोळा ठेवणारा माणूस निघाला. वाचक घाबरलाही आणि शहाणाही झाला. आमची तक्रार एवढीच, की या कादंबरीने तपासाचे वचन दिले आणि तपास मांत्रिकाच्या हवाली केला.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अलौकिकावरील विश्वासाला अधम्म म्हटले, त्याचे एक कारण हेच आहे की, त्यामुळे चौकशी करण्याची वृत्तीच मरते. एकदा 'भूत' म्हटले की पुढचा प्रश्न बंद! आणि प्रश्न बंद झाला की फायदा कोणाचा? वाडेवाल्याचा.

हे पुस्तक केळझरातच वाचले गेले म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. लोकपरंपरा या गावाला महाभारतातली एकचक्रानगरी मानते. ते ऐतिहासिकदृष्ट्या खरे की खोटे हा वाद येथे नको. येथे पांडव आले आणि भीमाने बकासुर मारला, हे गावातले पोरसोर सांगते. पण पांडव येण्यापूर्वी काय घडले, हे कोणी सांगत नाही. वारणावताच्या लाक्षागृहात एक निषाद बाई आपल्या पाच मुलांसह जेवायला आली होती. ती सहा माणसे तिथेच झोपली आणि जळून मेली. त्यांची प्रेते कुंती आणि पांडवांची समजली गेली, म्हणून पांडव निसटू शकले. महाकाव्याने त्या बाईला नाव दिले नाही. तिची चौकशी बंगालीत महाश्वेता देवींनी 'कुंती ओ निषादी' ही कथा लिहून केली. विहिरीतली ती मजूर बाई आणि लाक्षागृहातली ही निषादी, दोघी बिननावाच्याच! राक्षसाची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या टिकते, आणि मेलेल्या गरिबाचा मर्ग कोणी दाखल करीत नाही.

हा प्रश्न निव्वळ पुस्तकी नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली बायांना साखळदंडाने बांधणे, मारझोड करणे, मिरचीची धुरी देणे; कुणाला करणी करणारी ठरवून तिचे जगणे मुश्कील करणे, हे सारे घडत होते म्हणून तर महाराष्ट्राला कायदा करावा लागला. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. अशा अपराधाला सहा महिने ते सात वर्षे कैद आणि 5 हजार ते 50 हजार रुपये दंड आहे. जो मांत्रिक कादंबरीत तारणहार म्हणून मिरवतो, तो प्रत्यक्षात कोणाच्या लेकीसुनेला भूत काढण्यासाठी मारू लागला, तर त्याची जागा आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. आमच्या पोरांनी त्याला टाळ्या वाजवायच्या काय?

तेव्हा बंधू-भगिनींनो, पुस्तके जाळू नका, लपवू नका. मुलांना वाचू द्या आणि वाचून झाल्यावर विचारू द्या. आम्ही त्या वर्गात शेवटची वीस पाने बाजूला ठेवली आणि मुलांना सांगितले, आता तपास तुम्ही पूर्ण करा. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीने दुसऱ्या दिवशी वहीची चार पाने भरून आणली. तिच्या गोष्टीत मांत्रिक नाही. फाडलेल्या पानावर थकलेल्या मजुरीचा हिशेब आहे, वाड्याचा मालक जबाब देतो आहे, आणि पहिल्याच ओळीत विहिरीतल्या बाईला नाव आहे.

तिने तिला स्वतःच्या आजीचे नाव दिले आहे.