राखीव यादी म्हणजे निवृत्ती नव्हे

अमेरिकन फुटबॉल हा अंगावर धडका घेत खेळला जाणारा खेळ. त्यात दुखापती नित्याच्याच. तेथील व्यावसायिक लीग, म्हणजेच एनएफएल, जायबंदी खेळाडूंची जी व्यवस्था लावते, ती घरातील आजारी ज्येष्ठांसंबंधी विचार करताना उपयोगी पडते.

तेथे संघाच्या मुख्य यादीत ५३ खेळाडू असतात. दुखापत गंभीर असेल तर खेळाडूचे नाव राखीव यादीत जाते. त्याची जागा दुसरा भरून काढतो, परंतु तो संघाचाच राहतो. त्याला किमान चार सामने खेळता येत नाही. मात्र या काळात तो पडून राहत नाही, उपचार आणि व्यायाम चालूच असतात. परतताना त्याला आधी सरावात घेतात आणि मुख्य यादीत घ्यायचे की नाही, याचा निर्णय २१ दिवसांत करतात. डोक्याला मार लागला असेल तर पाच टप्पे पार करावे लागतात आणि संघाशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाचीही संमती लागते. कारण उघड आहे: संघाला विजयाची घाई असते, खेळाडूला जागा जाण्याची भीती.

आपल्या घरीही असेच घडते. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आजींना स्वयंपाकघरात जाण्याची घाई असते. मुलांना भीती वाटते आणि ‘आता तुम्ही काहीच करू नका’ असे सांगून ती त्यांची कामे कायमची काढून घेतात. अतिविश्रांतीने वृद्धांचे स्नायू झपाट्याने क्षीण होतात, तोल जातो आणि पुन्हा पडण्याचा धोका वाढतो.

म्हणून कोणते काम कोणी तात्पुरते करायचे आणि फेरविचार कोणत्या तारखेला करायचा, हे लिहून ठेवावे. आधी बसून भाजी निवडणे, मग आधाराने घरात चालणे, नंतर अंगण, असा क्रम डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट यांच्याकडून ठरवून घ्यावा. धाप, चक्कर किंवा वाढती वेदना जाणवल्यास थांबून डॉक्टरांना कळवावे. छातीत दुखल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांच्या डोक्याला मार लागला, तर बरे वाटत असले तरी त्याच दिवशी तपासणी करावी.

ज्येष्ठांचे काम काही दिवस दुसऱ्याने जरूर करावे. घरातील त्यांची जागा मात्र त्यांच्यासाठीच राखून ठेवावी.