पित्ताचा फैसला

जळगाव-धुळ्याकडील एखाद्या बाह्यरुग्ण विभागात साठी उलटलेली बाई, पाठ भरून येते, मळमळते, चार पावलांत दम लागतो, अशी कैफियत घेऊन आली म्हणजे तिचा ईसीजी काढणे ही निव्वळ उधळपट्टी होय, असे एका अनुभवी भिषग्वर्यांनी नुकतेच मोठ्या आत्मविश्वासाने प्रतिपादिले आहे. हृदयविकार असता तर छातीत कळ आली असती. ती नाही, त्याअर्थी पित्त. शिवाय बायका जात्याच घाबरट: एवढीच त्यांची बाजू.

भरिताबरोबर ठेचा खाल्ला की पित्त, एकादशीला उपाशी राहिली की पित्त, सुनेशी खटका उडाला की तेही पित्तच. ज्याला कोणताही पुरावा खोटे ठरवू शकत नाही, त्याला निदान कसे म्हणावे? पातळ औषधाने उतार पडला हा दाखला द्यावा, तर हृदयाची वेदनाही मधूनमधून आपोआप ओसरते. छातीची तक्रार स्त्रियांतही सर्वाधिक आढळते, हे खरेच. परंतु धाप, मळमळ, जबड्यातील वा पाठीतील दुखणे ही त्यांच्यात पुरुषांपेक्षा अधिक वेळा सोबत येतात, आणि मधुमेह जुना असल्यास छाती मुकीही राहते. १७७२ साली हृदयशूलाचे वर्णन प्रसिद्ध करणाऱ्या विल्यम हेबर्डनने पाहिलेल्या सुमारे शंभर रुग्णांत स्त्रिया अवघ्या तीन होत्या. पुढे १९९१ साली बर्नाडीन हीली यांनी, बाईचा रोग पुरुषासारखा दिसल्यावाचून तिला पुरुषासारखे उपचार लाभत नाहीत, असे अमेरिकेतील वैद्यकांना खडसावले. आमच्या भिषग्वर्यांचे दप्तर मात्र हेबर्डनपुढे सरकलेले दिसत नाही.

घाबरट मनुष्यास हृदयविकार होत नाही, असे अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही. राहिला खर्च; तर अशक्तपणावर सलाइन लावताना ही काटकसर कोठे दडी मारते?

करावे ते इतकेच: अशा बाईला नंबराची वाट पाहावयास न लावता आत घ्यावे, दहा मिनिटांत ईसीजी काढावा, तो निर्दोष दिसला तरी पंधरा ते तीस मिनिटांनी पुन्हा काढावा व ट्रोपोनिन तपासावे. संशय बळावल्यास, रक्तस्रावाची किंवा अ‍ॅस्पिरिनच्या वावड्याची हकीकत नसेल तर, ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खाण्यास देऊन १०८ ची गाडी मागवावी. चोपड्याच्या वा साक्रीच्या म्हातारीच्या हाती चिठ्ठी देऊन तिला एस.टी.त बसवू नये. धुळ्यास व जळगावास शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, आणि ईसीजीच्या पट्टीचे छायाचित्र मोबाइलवरून तिच्या आधी तेथे पोहोचू शकते.