विकत घेणारा एक, बिल भरणारा दुसरा

वैशाखातील ऐन लग्नसराईत लातूरच्या गंजगोलाईत काय आणि नांदेडच्या वजिराबादेत काय, विजेच्या उपकरणांच्या दुकानांपुढे गर्दी असते. ग्राहक पंख्याची किंमत विचारतो, रंग पाहतो, हमी किती वर्षांची याचीही खात्री करून घेतो. परंतु पंखा किती वॅटचा, हा प्रश्न क्वचितच ऐकू येतो. वस्तुतः पंख्याची किंमत दुकानात एकदाच मोजावी लागते; त्याच्या विजेची किंमत मात्र दहा-पंधरा वर्षे दरमहा मोजावी लागते.

हिशेब सोपा आहे. जुन्या पद्धतीचा पंखा साधारणतः 75 वॅट वीज घेतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तो दिवसाचे सोळा तास फिरला, तर महिन्याला 36 युनिटे होतात. नव्या बीएलडीसी मोटारीचा पंखा 35 वॅटमध्ये तेच काम करतो आणि 17 युनिटांत भागवतो. घरात असे तीन पंखे असतील, तर फरक 57 युनिटांचा होतो. शंभर युनिटांपुढील प्रत्येक युनिटास वरचा, चढा दर लागतो, हे लक्षात घेतले म्हणजे स्वस्त पंखा कोणाला महाग पडतो, हे निराळे सांगावयास नको.

ऊर्जा संवर्धन कायदा 2001 मध्ये झाला आणि त्यानुसार 2002 मध्ये ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला. 2006 मध्ये उपकरणांवरील तारांकनाची योजना आली. 2010 पासून वातानुकूलन यंत्रे व फ्रॉस्ट-फ्री फ्रिज यांना ते सक्तीचे झाले. गरिबाच्या छतावरच्या पंख्याला मात्र ही सक्ती लागू होण्यास 1 जानेवारी 2023 उजाडावे लागले! पंख्याचे तारे एका वॅटमागे तो किती हवा देतो, यावर ठरतात. म्हणजेच ‘वीज कमी, तर हवाही कमी’ हा समज निराधार आहे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. ग्राहक सुज्ञ असतो, त्याचे हित त्याला कळते. घरातल्या पंख्यातही सरकारने का डोकवावे? या प्रश्नाचे उत्तर लातुरातच मिळते. ‘लातूर पॅटर्न’च्या लौकिकामुळे कंधार, मुखेड, किनवटपासून हजारो विद्यार्थी तेथे भाड्याच्या खोल्यांत राहतात. खोलीतील पंखा विकत घेतो घरमालक. त्याचे बिल प्रत्यक्ष किंवा भाड्यातून भरतो विद्यार्थ्याचा बाप, जो बहुधा कोरडवाहू शेतकरी असतो. घरमालकाला स्वस्त पंखा घेण्यात लाभ आहे, शेतकऱ्याला पंखा निवडण्याचा अधिकारच नाही. येथे ग्राहकाचे शहाणपण काय कामाचे? निकृष्ट पंखा बाजारात येताच कामा नये, हाच यावरील उपाय. व्यापाऱ्याच्या तराजूवर सरकारी मुद्रा असते, त्याला कोणी हस्तक्षेप म्हणत नाही. वॅट तर डोळ्यांना दिसतही नाहीत. तेथे मुद्रेची गरज अधिकच आहे.

तथापि केवळ नियम करून शासनाचे कर्तव्य संपत नाही. चांगला पंखा घेताना हजार-बाराशे रुपये अधिक मोजावे लागतात. ते सुमारे दोन वर्षांत वसूल होतात हे खरे. पण हातावर पोट असणाऱ्याने ते आधी आणावेत कोठून? 2015 मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत घाऊक खरेदीमुळे एलईडी दिव्यांचे भाव झपाट्याने उतरले. पंख्यांसाठीही 2023 मध्ये एक कोटींचे उद्दिष्ट जाहीर झाले. त्याचा लाभ वसतिगृहे आणि भाड्याच्या खोल्यांपर्यंत पोहोचला पाहिजे. शिवाय पत्र्याचा, स्थानिक कारागिराने बनवलेला कूलर आजही या चौकटीबाहेरच आहे. त्या कारागिराला धंद्यातून उठवू नये. त्याला चांगली मोटार रास्त दरात मिळवून द्यावी. जपानने 1998 मध्ये बाजारातील सर्वोत्तम उपकरण हेच पुढील काळाचे प्रमाण मानण्याचे धोरण स्वीकारले. प्रमाण असे वेळोवेळी उंचावत गेले पाहिजे. आपल्याकडेही तारांकनाचे निकष बदलत असतात. म्हणून पट्टीवरील ताऱ्यांबरोबर वर्षही वाचण्याची सवय ग्राहकाला लागावी.

मराठवाड्याला या प्रश्नाची आणखी एक बाजू विसरता येणार नाही. औष्णिक वीज पाणी पिते. 2015 मध्ये पाण्याअभावी परळीचे वीज केंद्र बंद ठेवावे लागले आणि पुढच्याच वर्षी, एप्रिल 2016 मध्ये, लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्यांनी घागरींच्या रांगा पाहिल्या, त्यांना वाचवलेल्या युनिटाचे मोल निराळे समजावून सांगावे लागणार नाही. दुकानात शिरताना एकच प्रश्न आधी विचारावा: ‘पंखा किती वॅटचा?’ आणि आपली खोली भाड्याने देणाऱ्याने तो प्रश्न आपल्या भाडेकरूच्या वतीनेही विचारावा.