अपेक्षेपेक्षा बरा!

'अपेक्षेपेक्षा बरा निघाला हो!' ही दाद ज्या गृहस्थाने पहिल्यांदा दिली, त्याला मला एकदा भेटायचं आहे. मारामारी नाही करणार, मी बी. कॉम. आहे. नुसतं विचारीन की, बुवा, अपेक्षा तुमची, ती कमी ठेवलीत तुम्ही, मग वरची रक्कम चित्रपटाच्या खात्यात जमा कशी करता? ३५ मार्कांची आशा असलेल्या पोराला ४५ पडले तर पेढे जरूर वाटा. पण मार्क ४५च राहतात ना? आणि ९० पडले, तरी 'अपेक्षेपेक्षा बरे' एवढंच म्हणणार?

हेरांच्या चित्रपटांना ही दाद फार. १९६७च्या 'फर्ज'मधले जितेंद्र उर्फ एजंट ११६ काय, किंवा १९७९च्या 'सुरक्षा'मधले मिथुन उर्फ गनमास्टर जी-९ काय, आपण घरूनच ठरवून निघतो : गाणी, पिस्तूल, शेवटी देश वाचणार. नंतर कुणी जरा नीट चित्रपट काढला तरी आपण माप तेच लावतो.

'कसिनो रोयाल'चं तेच झालं. त्याच्या आधीच्या, २००२च्या बाँडपटात मोटारच अदृश्य होती. (पार्किंगचा प्रश्न सुटला, कथेचा नाही.) मग २००५ साली डॅनिएल क्रेगचं नाव जाहीर झालं आणि लोकांनी मांडवात नवरदेव पाहून नाक मुरडणाऱ्या आत्याबाईंसारखा गिल्ला केला. का, तर केस सोनेरी! २००६मध्ये चित्रपट आला आणि आमचे एक सहकारी कँटीनमध्ये म्हणाले, "तसा बरा आहे, अपेक्षेपेक्षा."

तसा? अहो, त्यातला खलनायक बँकर आहे! अतिरेक्यांच्या ठेवी घेतो, धोका नाही म्हणून सांगतो आणि त्याच पैशांवर एका विमान कंपनीच्या शेअरमध्ये मंदीचा सौदा करतो. विमान उडवून द्यायचं, भाव पाडायचा. बाँड विमान वाचवतो आणि याचे १० कोटी डॉलरांहून जास्त बुडतात. ठेवीदार बंदूक घेऊन दारात. म्हणून हा माँटेनिग्रोत पत्त्यांचा डाव मांडतो. जग जिंकायला नव्हे, खातं जुळवायला! असा माणसासारखा घाबरलेला खलनायक मी बाँडपटात दुसरा पाहिला नाही.

आणि बाँडला डावासाठी १ कोटी डॉलर आणून देते कोण? ब्रिटिश अर्थखात्यातली वेस्पर. तो हरतो आणि वर ५० लाख मागतो, तेव्हा ती साफ नाही म्हणते. खरी कर्जअधिकारी! जिन्यात बाँड दोघांना तिच्यादेखत मारतो. एरवी अशा ठिकाणी नायिका केस सारखे करून पुढच्या प्रसंगात हजर. इथे ती अंगावरच्या झग्यासकट शॉवरखाली बसून राहते आणि बाँड निमूटपणे शेजारी जाऊन भिजतो. हिशेब खात्यातल्या माणसाने खून पाहिल्यावर काय होतं, हे या जातीच्या चित्रपटात कुणी दाखवलं होतं सांगा.

मी एवढा का चिडतो? काउंटरवर बसतो म्हणून. दहा मिनिटांत काम झालं की गिऱ्हाईक म्हणतं, "अरे वा, सरकारी बँक असूनसुद्धा!" आता यावर हसायचं की ड्रॉवर लावून घ्यायचा? १९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पण तेव्हापासूनची सगळी शिल्लक माझ्या नावावर पुढे ओढलेली. काम चोख झालं की नाही, ते बोला ना! चुकलं असेल तर शिव्या द्या, पण त्या माझ्या कामाला द्या.

तशा शिव्या या चित्रपटालाही आहेत. डावात कोण जिंकतंय ते कळावं म्हणून शेजारची पात्रं एकमेकांना समजावत बसतात. आणि पत्ते संपल्यावर चित्रपट जो रेंगाळतो, तो थेट व्हेनिसमधलं अख्खं घर कालव्यात बुडेपर्यंत. तिथे मी दहा मिनिटं तरी कापली असती. त्या घराची कुणी अपेक्षाच केली नव्हती म्हणून ते माफ, हे मला चालणार नाही.